लाखोरीत उतरलेली गाडी

गाडी थांबली तेव्हा तिचं तोंड आलेल्या वाटेकडे होतं. समोरच्या काचेतून यादोरावांना तलावाची पाळ दिसत होती, पाळीवरचा डांबरी रस्ता दिसत होता, आणि त्या रस्त्यावरून खाली शेताच्या बांधीत उतरताना चाकांनी लाखोरीच्या हिरव्या पिकात पाडलेला वाकडा पट्टाही दिसत होता. गाडी दुसऱ्या बाजूला घसरली असती तर तिथे तलाव होता. यंदा पाऊस चांगला झालेला, त्यामुळे मार्गशीर्ष सरत आला तरी पाणी पाळीला लागून होतं.

"बाबा, लागलं का तुमाले?" गुड्डीने विचारलं. तिचे दोन्ही हात अजून स्टेअरिंगवरच होते.

"नाई. तुले?"

"नाई."

दोघं उतरली. यादोरावांनी आधी मुलीला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग स्वतःला चाचपलं, मग गाडीभोवती एक फेरी मारली. बंपरमध्ये लाखोरीचे वेल अडकले होते, एवढंच. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. त्यांनी वर आभाळाकडे पाहून हात जोडले. लाखनीहून पुतणीचा साखरपुडा आटोपून निघालेले बाप-लेक, घर अर्ध्या कोसावर, आणि दोघंही धडधाकट उभे. आणखी काय पाहिजे होतं?

गुड्डी मात्र शेताच्या धुऱ्यावर बसली आणि चेहरा ओंजळीत घेऊन म्हणाली, "चूक माझी हाये बाबा. मी जोरात होते."

यादोरावांनी तेव्हाच बोलायला हवं होतं. वळणाच्या तोंडाशी रस्त्यात एक खोलगट जागा आहे. गाडी तिच्यात दबली, उसळली, आणि मागचा भाग पाण्याकडे सरकला. त्या क्षणी यादोरावांचा उजवा हात आपोआप दोन सीटांमधल्या हँडब्रेकवर गेला होता. उधळलेल्या बैलांचा कासरा ओढावा तसा त्यांनी तो दांडा खांद्यापासून जोर लावून ओढला होता. गाडी गर्रकन फिरली. मग त्यांनी तो सोडला. गुड्डीची नजर रस्त्यावर होती, तिला काही दिसलं नाही.

त्यांनी तोंड उघडलं, पण बाहेर आलं ते भलतंच. "चाल, परसरामले ट्रॅक्टर घेऊन बलावू."

शेत परसरामचंच होतं. तो आला, दोर बांधला, गाडी ओढून वर काढली. मोडलेल्या लाखोरीबद्दल अवाक्षर काढलं नाही. "जीव वाचला ना गुड्डीचा, बस," एवढंच म्हणाला. घरी यादोरावांच्या बायकोने, रुखमिणीने, दोघांवरून मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि त्या तडतडल्याचं शेजारच्या दोन घरांना सांगून आली.

गुड्डी ही यादोरावांची एकुलती एक. वरठीच्या पोलाद कारखान्यात, तपासणीच्या विभागात ती केमिस्ट होती. तिथेच खोली करून राहायची आणि सुटीला गावी, दिघोरीला यायची. चौदाव्या वर्षी तिला ट्रॅक्टर शिकवला तो यादोरावांनीच. बांधीत चिखलणी करताना ती असा वळवायची की गडी माणसं काम थांबवून बघत. "पोरीचा हात माझ्यावर गेला," हे यादोराव सांगायचे, आणि गावात हे वाक्य न ऐकलेला माणूस सापडला नसता. नोकरीच्या चौथ्या वर्षी तिने नागपूरहून एक जुनी लाल गाडी आणली. छोटी, पण टर्बो इंजिनाची, जमिनीलगत बसलेली, रुंद चाकांची. पाय दाबला की माणूस सीटला चिकटायचा. रुखमिणी तिला "मिरची" म्हणायची.

त्या रविवारनंतर मिरची अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली आणि गुड्डी एसटीने गेली. पुढच्या सुटीला एसटीनेच आली. गाडी गोठ्याच्या छपराखाली लावायची होती, तेव्हा म्हणाली, "बसा ना बाबा, छपरापर्यंत." यादोराव म्हणाले, "नोको, तूच लाव." खरं तर त्यांना त्या दांड्याशेजारी बसवत नव्हतं. पण गुड्डीचा चेहरा उतरलेला त्यांनी पाहिला आणि बैलांना पेंढा टाकायला निघून गेले.

रोज सकाळी ती ताडपत्री दिसायची आणि न्याहारीची भाकरी अर्धीच राहायची. आपण पोरीला तलावात घातलं असतं, हा एक विचार. आणि दुसरा त्याहून वाईट: ती स्वतःला दोष देते आहे आणि आपण गप्प आहोत. सांगायचं ठरवून ते दोनदा फोनजवळ गेले आणि दोनदा, जेवली का, थंडी किती आहे, असं विचारून फोन ठेवला. साठी गाठलेला माणूस, आयुष्यभर बैल हाकले, ट्रॅक्टर हाकला, आणि ऐन वेळी चालत्या गाडीचा ब्रेक ओढून बसला. हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

तिसऱ्या आठवड्यात गुड्डी आईला म्हणाली, "गाडी विकून टाकते मी."

"काहून व?" रुखमिणीने विचारलं.

"माह्या हाताचा भरोसा नाई राह्यला मले. गिऱ्हाईक पाह्यलं हाये. फक्त विकायच्या आधी शहापूरले जागेश्वरभाऊच्या गॅरेजात एकदा दाखवून घेते. काही खराब असंन तर सांगून विकू."

यादोराव ओसरीवर बसले होते. ते उठले. "मी येतो संगं."

"तुमी? बसान गाडीत?"

"बसतो ना."

ते बसले, पण मागे. गुड्डीने पुढचं दार उघडून धरलं होतं. यादोराव मागचं दार उघडून आत शिरले. तिने दार हळूच लावून घेतलं. सगळा रस्ता चाळीसच्या वर ती गेली नाही. मागून भात भरलेले ट्रॅक्टर पुढे निघून जात होते. मधल्या आरशात तिचे डोळे अधूनमधून यादोरावांकडे वळत आणि यादोराव खिडकीबाहेर बघत.

जागेश्वरचं गॅरेज शहापुरात, हायवेपासून थोडं आत, पत्र्याच्या छपराचं. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. कोइमतूरला मोटारींच्या शर्यतीत उतरणाऱ्या एका टीमकडे त्याने सात वर्षं काम केलं होतं आणि आई आजारी पडली म्हणून गावाकडे परत आला होता. त्याने गाडी लिफ्टवर चढवली, वर उचलली आणि टॉर्च घेऊन खाली उभा राहिला. एकेक चाक उजेडात पाहत गेला.

"ताई, इकडं या. काकाजी, तुमीही या."

दोघं गाडीच्या पोटाखाली जाऊन उभी राहिली.

"ह्या स्प्रिंग पाहा. कापलेल्या हायेत. गाडी खाली बसलेली दिसावं, शानदार वाटावं म्हणून आधीच्या मालकानं ग्राइंडरनं दोन-दोन वेटोळे उडवले. आता स्प्रिंगले दबाले जागाच नाई. खड्डा आला का खालच्या रबरावर जाऊन ठोकते, आन ठोकली का चाक उसळून जमीन सोडते." त्याने मागच्या शॉकअपवर बोट फिरवून दाखवलं. काळं, चिकट बोट. "यातलं तेल कधीचंच वाहून गेलं. उसळलेलं चाक खाली धरून ठेवणारं कोनी नाई."

मग तो मागच्या टायरपाशी आला. कडेला कोरलेल्या चार आकड्यांवर त्याने प्रकाश टाकला. "हे कोनत्या आठवड्यात, कोनत्या सालात बनलं ते लिहून असते. दहा वर्षांचं हाये हे टायर. वरून नक्षी शाबूत दिसते, पन नख लावून पाहा."

गुड्डीने नख दाबलं. रबर दबलंच नाही.

"लाकूड झालं. आन समोरचे दोन नवे, दुसऱ्या कंपनीचे, नरम. समोरचे रस्ता धरतात, मागचे धरत नाईत. वळनावर ब्रेक दाबला, नाईतर नुसता रेसवरचा पाय सोडला, तरी वजन समोर जाते आन मागचा भाग हलका पडते."

"धुरजड," यादोराव म्हणाले.

"काय म्हनलं काकाजी?"

"बैलगाडीत वजन समोर जास्त झालं का गाडी धुरजड होते. बैलांच्या मानेवर येते सगळं आन मागची बाजू नाचते. भारे रचताना पाहा लागते."

जागेश्वर खूश झाला. "बरोबर! हेच. कोइमतूरले हे समजाले मले वर्ष लागलं होतं." तो गुड्डीकडे वळला. "ताई, गाडी घसरली तवा तुमी काय केलं?"

"ब्रेक नाई दाबला. मागची बाजू पान्याकडं चालली होती, तर स्टेअरिंगही तिकडंच फिरवलं. मंग गाडी एकदम उलटी वळली अन् आमी शेतात."

"मंग अजून काय कराचं होतं? एका बाजूनं तलाव, एका बाजूनं शेत, आन गाडी शेतात गेली. अशी गाडी घेऊन तुमी सात-आठ महिने धडधाकट फिरल्या, याचंच मले नवल वाटून राह्यलं. तुमचे हात बरोबर होते."

गुड्डी छपराबाहेर गेली, हायवेकडे तोंड करून उभी राहिली आणि ओढणीने चेहरा पुसला. परत आली तेव्हा तिचा आवाजच वेगळा होता. "भाऊ, विकाची नाई मले. काय काय बदला लागंन ते सांगा."

यादोरावांना वाटलं, छातीवरचा अर्धा दगड उतरला. पोरीचे हात बरोबर होते. पण उरलेला अर्धा जागेवरच होता, आणि आता तो जास्त टोचत होता. तिचे हात बरोबर होते, स्प्रिंग कापलेल्या होत्या, टायर लाकूड झाले होते. हे सगळं खरं. पण दांडा कोणी ओढला होता?

पुढचा तासभर गुड्डी आणि जागेश्वर कागदावर लिहीत बसले. चारही स्प्रिंग आणि शॉकअप एकमेकांना जुळणारे, एकाच संचातले. झिजलेले रबरी बुश नवे. चारही टायर एका कंपनीचे, एका मापाचे. सगळं बसलं की चाकांचं अलाइनमेंट. गुड्डीला गाडी आहे तेवढीच खाली बसलेली हवी होती. तिला ते रूप आवडायचं. जागेश्वर ऐकेना. "कंपनीपेक्षा बोटभर खाली, बस. त्याच्याखाली गेलो का आपल्या रस्त्यावरचे ब्रेकर पोट खरवडतीन, आन पुन्हा तेच होईन. गाडी दिसाले थोडी उंच वाटंन ताई, पन चिकटून चालंन." गुड्डीने जरा वेळ नाक मुरडलं आणि हो म्हटलं.

सामान नागपूरहून यायचं होतं. दोन दिवस यादोराव वरठीला गुड्डीच्या खोलीवर राहिले. ती ड्युटीवर गेली की ते स्टेशनकडे चालत जात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवत. संध्याकाळी ती हसत घरी यायची, टायरबद्दल, स्प्रिंगबद्दल भरभरून बोलायची. तीन आठवड्यांनी तिला अशी बोलताना पाहून त्यांची जुळवलेली वाक्यं विस्कटून जायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं शहापूरला पोचली. लाल गाडी बाहेर उन्हात उभी होती. नवे टायर काळेभोर, गाडी बोट-दोन बोटं उंच. गुड्डीने बॉनेटवर हात फिरवला. जागेश्वर म्हणाला, "चला, चालवून पाहू. बाजूच्या लेआउटमधले रस्ते मोकळे पडून हायेत. मी मागं बसतो, आवाज आयकाले बरं पडते. काकाजी, तुमी समोर बसा. वजन पाह्यजे समोर."

नाही म्हणायला कारण सापडेना. यादोराव पुढे बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

लेआउटमध्ये प्लॉट पाडलेले होते, घरं नव्हती. रस्ते मात्र डांबरी आणि मोकळे. गुड्डीने आधी हळू एक चक्कर मारली, मग जरा वेगात, मग कोपऱ्याचं वळण चांगल्याच वेगात घेतलं. मुद्दाम एका खड्ड्यावरून चाक नेलं. गाडी एकदा दबली, एकदा उठली आणि गप्प झाली. पहिल्यासारखी उसळी नाही, दणका नाही. गुड्डी मोठ्याने हसली. "बाबा, पाह्यलं? पाह्यलं का?"

"काकाजी," मागून जागेश्वर म्हणाला, "पायाखाली हात दाबून काहून बसले? वळनावर दार तरी धरा, नाईतर पोरीच्या अंगावर जान."

यादोरावांनी हात काढले नाहीत. घसा खाकरला. स्टेशनवर जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही.

"मी ओढला," ते म्हणाले.

"काय ओढलं?"

"हा." त्यांनी हनुवटीने हँडब्रेक दाखवला. "त्या दिवशी. गाडी पान्याकडं चालली, मले भेव वाटलं, आन मी हा दांडा ओढला. त्याच्यानंच गाडी फिरली. पोरगी स्वतःले बोल लावून राह्यली आन मी आयकून घेऊन राह्यलो."

गुड्डीने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच होतं. तिने वडिलांकडे पाहिलं, पण पहिला बोलला तो जागेश्वर.

"किती ओढला?"

"पुरा. खांद्यापासून."

"गाडी त्याच्या आधी सरकली का नंतर?"

"सरकत तर आधीच होती."

जागेश्वर दोन सीटांच्या मध्ये पुढे सरकला. त्याला हसू येत होतं, पण तो ते आवरत होता. "काकाजी, पयल्या दिवशी गाडी वर घेतली तवा मी हँडब्रेकही पाह्यला. दांडा पुरा वर ओढला आन मागचं चाक एका बोटानं फिरवलं. फिरलं. दुसरं फिरवलं. तेही फिरलं. केबल सैल होऊन लोंबत होती. त्या दांड्याले चाकाशी काही घेनं-देनंच नोतं. तुमी ओढला काय आन छत्री धरली काय, गाडीले काही समजलंच नाई. काल नवी केबल टाकली मी."

यादोराव त्याच्याकडे बघत राहिले. "पन गाडी गर्रकन फिरली ना."

"ती त्या टायरांनी फिरवली. आन ताईनं स्टेअरिंग फिरवलं म्हनून शेताकडं फिरली."

"हँडब्रेक मी कधी लावतच नाई, म्हनून मले समजलंच नाई," गुड्डी हळूच म्हणाली. "गिअरमध्ये टाकून उभी करते. आपल्या इकडं चढ कुठं हाये?" मग ती थांबली. "बाबा, म्हनून तुमी मागं बसले?"

"हो."

"अन् छपरापर्यंतही नाई बसले, तेही म्हनून?"

"हो. पुन्हा हात गेला असता तर?"

"मले वाटलं, तुमाले माह्या हाताचं भेव वाटते."

"तुह्या हाताचं?" यादोराव खरोखरच चकित झाले. "तुह्या हाताचं कायचं भेव? तुह्या हाताचा भरोसा नसता तर मी त्या गाडीत बसलो असतो का पयल्यांदा?"

गुड्डीने त्यांच्या खांद्यावर एक चापट मारली, जरा जोरातच, आणि मग तिथेच कपाळ टेकवलं. ती हसत होती की रडत होती ते यादोरावांना कळलं नाही. मांड्यांखालून हात काढून त्यांनी तिच्या डोक्यावर ठेवला. हाताला मुंग्या आल्या होत्या.

"फक्त आता ओढू नका काकाजी," जागेश्वर म्हणाला. "आता लागते तो."

यादोराव हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, पोट हलेपर्यंत हसले. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसलं आणि पुन्हा हसले.

जागेश्वरच्या घरून चहा आला, तो पिऊन बाप-लेक निघाली. ऊन कलत होतं. हायवेला लागल्यावर गुड्डी सांगत होती की पाळीवरच्या वळणावर त्या खोलगट जागेतून नेऊन दाखवते, मग बघा फरक. यादोराव हो, हो म्हणत होते. सीटला पाठ टेकली होती, हात मांडीवर सैल पडले होते. लाखनीपर्यंतचं त्यांना आठवतं. हायवे सोडून गाडी आतल्या रस्त्याला वळली, तेव्हा शेतांत रचून ठेवलेल्या धानाच्या पुंजण्यांवर पिवळं ऊन पडलं होतं, हेही आठवतं.

मग कोणीतरी दार उघडलं आणि थंड वारा आत आला. रुखमिणी वाकून बघत होती.

"अजी, उठा. घर आलं."

यादोरावांनी डोळे चोळले. अंगण. गोठा. त्यांनी गुड्डीकडे पाहिलं. "वळन?"

"गेलं."

"त्या खोलगट जागेतून?"

"तिच्यातूनच आनली. तुमी घोरून राह्यले होते." गुड्डीने चावी काढली. "मान पन नाई हलली तुमची. मंग उठवलं नाई मी."

जेवताना यादोरावांनी रुखमिणीला सगळं सांगितलं. दांडा, केबल, जागेश्वर, सगळं. ती भाकरी थापत शेवटपर्यंत ऐकत होती.

"मंग तीन हप्ते बोलले काहून नाई?" तिने विचारलं. "मी तर एका दिवसात बोलली असती."

यादोरावांनी ताट पुढे केलं आणि आणखी भाजी मागितली. बाहेर अंगणात गुड्डी गाडीवरची धूळ पुसत होती, ताडपत्री घडी घालून गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवली होती, आणि शेजारच्या घरातलं कोणीतरी तिला विचारत होतं, गाडी थोडी उंच दिसते का गं?